चौकात टांगलेलं विमान

कापूस फुटायला लागला की अमडापूर ते चिखली रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. मालाच्या गाड्या फांद्यांना घासून जातात, काट्यांना कापूस अडकतो आणि थंडी पडेपर्यंत तिथेच लोंबत राहतो. दसरा नुकताच झालेला असतो. सकाळी वेचणीच्या बायकांनी भरलेल्या जीप सुटतात. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, कमरेला कापूस गोळा करायची ओटी, मांडीवर भाकरीचं फडकं. हवेत सरकीचा, धुळीचा आणि कुठेतरी पेटवलेल्या काडीकचऱ्याचा वास असतो. हा हंगाम मला फार आवडायचा. आता या दिवसांत अमडापूरच्या शाळेत शिकवायला जाताना मी चिखलीच्या चौकात एस.टी.ची वाट बघत उभी राहते आणि मान कुठेही वळवली तरी ते विमान दिसतं.

सिमेंटच्या खांबावर नाक वर करून टांगलंय. जणू आत्ता उडणार. खालच्या कठड्यावर रिकामटेकडे बसलेले असतात. पंखाच्या सावलीत भज्यांची गाडी लागते, आणि खांबाला सतत कोणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स बांधलेलं असतं. गॉगल घातलेले, सोन्याच्या साखळ्या मिरवणारे, अजून दाढीही न फुटलेले 'युवा हृदयसम्राट'. शेपटीवर हवाई दलाचा जो क्रमांक होता, तो रंगाखाली गेला. त्या जागी 'संकल्पना' असं लिहून पुढे एका माणसाचं नाव आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही. चिखलीत त्यांना भाऊसाहेब म्हणतात, तेवढं पुरे. विमान ही कोणाची तरी संकल्पना असते आणि तो कोणीतरी भाऊसाहेब असतो, हे मला त्या चौकातच कळलं.

माझे वडील, अण्णा, हवाई दलात होते. वैमानिक नव्हेत. विमान उडण्याआधी आणि उतरल्यानंतर ज्यांच्या ताब्यात असतं, त्या जमिनीवरच्या लोकांतले एक. उंद्रीच्या आमच्या वस्तीतून भरतीला गेलेला पहिला पोरगा. त्यांची सगळी नोकरी उत्तरेकडच्या तळांवर झाली आणि माझं आणि धाकट्या विजयचं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. विमानं सुटायला लागली की फळीवरची ताटं वाजायची. दुधाच्या पातेल्यात गोल गोल लहरी उठायच्या. बोलता बोलता आई थांबायची, आवाज जाऊ द्यायची आणि अर्धवट राहिलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायची. अण्णांचा उजवा कान त्या आवाजात गेला. त्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. सुटीत उंद्रीला आलो की लोकांना वाटायचं, यांच्याकडे रोजच भांडण चालतं.

अण्णा ज्याला जतन म्हणायचे ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकदा त्यांच्या पाळीतल्या कोणाचा तरी एक बारकासा स्क्रू सापडेना. सगळी पाळी थांबली. विमानाच्या पोटात, चाकांच्या खोबणीत, धावपट्टीच्या कडेच्या गवतात माणसं गुडघ्यांवर बसून शोधत होती. अण्णा घरी आले तेव्हा आईची भाकरी कडक झालेली होती. ती चिडून म्हणाली, "एका खिळ्यासाठी?" अण्णा म्हणाले, "त्याच्यावर एक पोरगं बसते ना वं." आणि जेवायला बसले. रात्री विमानांच्या तोंडांवर कापडी झाकणं घालत आणि त्यांना लाल फिती लोंबत असत. झाकण विसरून कोणी विमान चालू करू नये म्हणून. त्या फितींपैकी एक फाटकी फीत अण्णांनी घरी आणली आणि मी ती वेणीला बांधून शाळेत गेले. असा तो लोखंडाशी चाललेला संसार होता.

हे सगळं पाहिलेल्या माणसाने चिखलीचा चौक कसा सहन करावा?

ते विमान आलं ते साल गुलाबी बोंडअळीचं. बीटी बियाण्यात अळी पडत नाही, हे तोवर आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ झालं होतं. दर मृगाच्या आधी भोंगा लावलेली गाडी गावात यायची, भिंती रंगायच्या, बियाण्याच्या पिशवीएवढं बोंड काढलेलं असायचं. विजय उंद्रीला शेती बघत होता. झाडं डोक्याएवढी वाढली होती, बोंडांनी वाकली होती. मी दसऱ्याला घरी गेले तर तो बांधावर बसून एकेक हिरवं बोंड दगडाने फोडत होता. प्रत्येकाच्या आत एक गुलाबी अळी. वरून बोंडाला साधा डागही नाही.

"पाह्य," तो म्हणाला, "वरून कसं टंच दिसते! नवरीवानी."

त्याच्या शेजारी फोडलेल्या बोंडांचा ढीग झाला होता. तरी तो फोडतच होता. एखादं तरी चांगलं निघेल म्हणून नव्हे. ते आता त्यालाही वाटत नव्हतं. हाताला दुसरं काम नव्हतं. त्या दिवसांत फवारणी करून आलेली माणसं उलट्या करत दवाखान्यात जात होती, वेचणीच्या बायका अर्धवट उमलून चिकटलेली बोंडं पाहून "कवडी कापूस वेचायले बोटं मोडतात" म्हणून दुसऱ्या वावरांकडे जात होत्या, आणि त्याच दिवसांत एका दुपारी गावात ओरड झाली, इमान आलं.

खामगावकडून लांबलचक ट्रेलर येत होता. त्यावर ताडपत्री घातलेलं धड आणि बाजूला आडवे बांधलेले पंख. पुढे दोन जीप, गुलाल, फटाके. लाइनमन बांबूने तारा उचलून धरत होते. अख्खी उंद्री रस्त्यावर आली. वावरातली माणसं कामं टाकून आली. ज्यांच्या कापसात अळी होती तेही आले, आणि मला सांगायला लाज वाटते की त्यांनी टाळ्याही वाजवल्या. सहा महिन्यांपूर्वी बियाण्याच्या भोंग्याच्या गाडीमागे जसे धावले होते तसेच. आमच्या लोकांना भोंगा लावून काहीही देता येतं.

आई दारात उभी होती. ट्रेलर पुढे गेला तशी ती आत वळली. "पंख कापलेत काय त्याचे?" तिने विचारलं.

"कापले नाही, सोडवले असतील. चिखलीत जोडतील."

"कोण जोडते?"

याचं उत्तर चिखलीत मिळालं. वेल्डिंगच्या दुकानातले दोघे आणि रंगाला रमजानभाई. रमजानभाई चिखलीत माझ्याच गल्लीत राहणारे. ट्रक, पाट्या, भिंती रंगवतात, आणि बियाण्याच्या त्या बोंडांच्या जाहिरातीही त्यांच्याच हातच्या. मी शाळेतून येताना रोज तिथे थांबायचे. चाकांत हवा राहत नाही म्हणून टायरांत सिमेंट भरलं होतं. हवा जायच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा मारून टाकला होता, कारण आत कुत्री बाळंत होईल अशी कोणीतरी शंका काढली. पोटाखालचं एक झाकण निघालं होतं, आणि विमान अजून उभंही राहिलं नव्हतं तोच आत गुटख्याच्या पुड्या साठल्या होत्या.

"कोणता रंग सांगितला?" मी विचारलं.

"चांदी," रमजानभाई म्हणाले. "मी इचारलं, साहब, याचा असली रंग कोणता? तं म्हणे, असली रंग फोटोत उठत नाही." त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "बाई, ट्रक रंगवला तं डायव्हर खुश होऊन जवळ येते, हात फिरवते, चाय पाजते. इथं कोनीच जवळ येऊन नाही राह्यलं. सब दुरून पाहून राह्यले. हे आहे तरी कोणाचं?"

समितीला त्याचं उत्तर माहीत होतं. पत्रिकेवर सतरा-अठरा नावं छापली होती. त्यातल्या कोणालाही विमानाचं नाव सरळ सांगता येत नव्हतं. भाऊसाहेब रोज नवं नाव घ्यायचे, आणि ऐकणारे रोज नव्याने माना डोलवायचे. समितीचे चिटणीस असलेले एक प्राध्यापक 'गगनभेदी', 'रणरागिणी' असे शब्द शोधून आणायचे. विमानाला रणरागिणी का म्हणायचं हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, भावना समजून घ्या." ज्याला काही कळलेलं नसतं तो माणूस नेहमी भावना समजून घ्यायला सांगतो.

आणि मग भावना आमच्या घरी आली.

एका सकाळी भाऊसाहेब तीन गाड्या घेऊन उंद्रीला, आमच्या दारात. मी रविवार म्हणून तिथेच होते. त्यांच्या हातात शाल होती आणि ती त्यांनी बसण्याआधीच आईच्या खांद्यावर टाकली. मागून कोणीतरी फोटो काढला. अण्णा जाऊन तेव्हा दोन उन्हाळे झाले होते. "आपल्या मातीचा सुपुत्र," भाऊसाहेब म्हणाले. "याच विमानावर सेवा केली. त्याचं लोकार्पण वीरपत्नीच्या हातूनच व्हायला पाहिजे."

आईने शाल घडी करून बाजूला ठेवली. "कोणाची वीरपत्नी?"

"तुम्ही, माताजी."

"माहा नवरा जेवून झोपला आन सकाळी उठला नाही. मी कायची वीरपत्नी?"

"अहो, सैनिक तो सैनिक."

"तसं म्हना ना मंग. सैनिकाची बायको म्हना."

भाऊसाहेब हसले. मोठ्या माणसांना लहान माणसाचा नकार गोड वाटतो, तसं हसले. आईने चहा आणला. त्यांनी कप हातात घेतला, ओठांना लावला आणि खाली ठेवला. "शुगर आहे," म्हणाले. मग विजयकडे वळले. कापूस कसा आहे, भरपाईसाठी पंचनामा झाला का. विजय म्हणाला, "आमच्या वस्तीकडं कोणी आलंच नाही. रस्त्यावरच्या वावरांचे करून गेले." भाऊसाहेबांनी मान हलवली. "होईल ना. माताजी स्टेजवर दिसल्या पाहिजेत फक्त. उंद्रीचं मी बघतो."

गाड्या गेल्या. आईने तो चहा मोरीत ओतला. कप घासताना म्हणाली, "तुहा बाप पहिल्या सुटीत आला तवा वर्दी घालून याच्या बापाच्या घरी गेला व्हता. एक सही पाहिजे व्हती. तहान लागली म्हणून पाणी मांगलं, तं वरून ओंजळीत ओतलं. वर्दीच्या बाह्या ओल्या करून आला." एवढं बोलून तिने कप पालथा घातला. हे अण्णांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

विजय उंबऱ्यावर बसला होता. "आई, एक घंटा जाऊन बस ना. खोटं बोलायचं नाही, चूप राह्यचं फक्त. वावरात काय आहे ते तुले दिसते ना?"

"दिसते."

"मंग?"

मी मनातून तिने नाही म्हणावं अशी वाट पाहत होते. मला पगार होता, मला नाही म्हणणं सोपं होतं. शेवटी ती म्हणाली, "जातो मी. पण चूप राह्यचं जमंल का नाही ते नाही सांगत."

दिवाळीच्या अलीकडचा दिवस. चौकात मंडप, खुर्च्या, देशभक्तीची गाणी. उंद्रीची आणि अमडापूरची माणसं ट्रॅक्टर भरून आणली होती. विमान ऊन पिऊन डोळ्यांत खुपत होतं. भाऊसाहेबांना पंखावर उभं राहून हात हलवायचा होता. रमजानभाई खालून म्हणत होते, "साहब, रंग ओला आहे, कालच दुसरा हात मारला." पण संकल्पना ज्याची, त्याला कोण अडवणार? ते शिडीने चढले, बूट घालूनच. एक पाऊल टाकलं आणि घसरून पंखावर बसले. उठताना दोन्ही हात टेकले आणि तेच पोटावर पुसले. खाली उतरले तेव्हा पांढऱ्या झब्ब्याच्या मागे चंदेरी बैठक उमटली होती आणि पोटावर दोन पंजे. पुढे दोन तास त्याच अवतारात त्यांनी शौर्यावर भाषण केलं. कोणी हसलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं. खरंच कोणी हसत नव्हतं. मला त्या माणसापेक्षा त्या न हसणाऱ्या तोंडांची जास्त चीड आली.

मग प्राध्यापकांनी 'वीरपत्नी शांताबाई' असा पुकारा केला. आईने दोरी ओढायची आणि पाटीवरचा पडदा सरकायचा, एवढंच ठरलं होतं. तिने दोरी ओढली. मग माइककडे गेली. कोणाला वाटलं, आभार मानेल. माइक तिच्या तोंडाच्या वर होता. तिला त्याची गरजही नव्हती. आमचं घर ओरडून बोलणारं.

"माहा नवरा इमानं दुरुस्त करे," ती म्हणाली. "तो घरी मेला. झोपेत. याले वीरमरण म्हणत असान तं आपल्या गावात सारेच वीर हायेत."

थोडे लोक हसले. विनोद आहे असं त्यांना वाटलं.

"मी वीरपत्नी नाही. वीरपत्नी एक व्हती, मी पाह्यली. आमच्या तिथं बायकाईले शिवणकाम शिकवाले येत जाय. केरळची पोट्टी. लीना तिचं नाव. सायबाची बायको, पण माह्या बाजूले जमिनीवर बसे. एका सांजी सारे इमानं आले, तिच्या नवऱ्याचं आलं नाही. आमच्या लाइनीत कोणाच्याच घरी चूल पेटली नाही. तिले मी पाह्यलं. ते खुर्चीवर बसली व्हती आन हातातलं टाके घालणं चालूच व्हतं. कोणी तिच्या हातातून कापड काढून घ्यावं, तं तेवढी हिंमत कोणाची होत नव्हती."

आईने मागे आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"हे खुर्ची तिची आहे. तिले बोलवा." आईने अंगावरची शाल काढली, घडी केली आणि आपल्या खुर्चीवर ठेवली. मग जाता जाता काहीतरी आठवल्यासारखी वळली. "आन हे भाऊ मले म्हणे, स्टेजवर या, मंग उंद्रीचे पंचनामे करून देतो. मी आलो. आता पंचनामे करा."

ट्रॅक्टरवाल्यांत एकदम गलका झाला. "बराबर बोलली माय!" कोणीतरी ओरडलं. अमडापूरची माणसं उभी राहिली. क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी होईल. मी शिक्षिका आहे, मला असं वाटतं.

भाऊसाहेबांनी माइक घेतला. पोटावरचे चंदेरी पंजे, डोळ्यांत पाणी. "पाहिलंत? याला म्हणतात मोठेपणा," ते म्हणाले. "स्वतःचं वीरपण नाकारणारी ही वीरमाता! एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" आणि टाळ्या झाल्या. जे उठले होते त्यांनीच वाजवल्या. उभे होतेच, हातही मोकळे होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आईचा फोटो आला, 'वीरपत्नीच्या हस्ते लोकार्पण'. आई काय बोलली त्याचा एक शब्द नाही. खऱ्याला विरोध करणारे लोक परवडले. त्याचा सत्कार करणाऱ्यांपुढे माणूस काय करणार?

पंचनाम्याची माणसं उंद्रीला आली, हे सांगायला हवं. बोभाटा झाला होता, न येऊन चालणार नव्हतं. आमच्या वस्तीच्या अलीकडच्या नाल्यापर्यंत आली. नाल्यात पाणी होतं, त्यांच्या पायात बूट होते. पलीकडून विजय ओरडून बोलावत होता. त्यांनी घड्याळं पाहिली आणि गेले.

त्या रात्री विजय आईला म्हणाला, "तुह्या खरं बोलण्यानं काय पिकलं?" आई उठून आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. दिवाळी तशीच गेली. मी चिखलीहून करंज्या घेऊन गेले तर दोघं दोन खोल्यांत जेवत होती. एका सकाळी त्याने रोटाव्हेटर बोलावला आणि उभी पऱ्हाटी जमिनीत घातली. अर्ध्या उमललेल्या बोंडांसकट. मी बांधावर होते. यंत्र फिरत होतं आणि मागे पांढरे ठिपके मातीत मिसळत होते. आई घरातून बाहेर आली नाही. मला तेव्हा भाऊसाहेबांची, प्राध्यापकांची, बियाण्याच्या भोंग्याची, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या हातांची शिसारी आली. अजून आहे, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

त्या जमिनीत विजयने हरभरा टाकला. थंडीत घाटे भरले. एका दुपारी मी गेले तर बांधावर धूर दिसला. विजयने हरभऱ्याची हिरवी झाडं काट्याकुट्यांवर भाजायला टाकली होती, आमच्याकडे त्याला होळा म्हणतात. आई समोर बसली होती. तो राखेतून घाटे उचलत होता, फुंकत होता आणि तिच्या पदरात टाकत होता. दोघांची तोंडं काळी झाली होती. कोणी कोणाला काय म्हणालं हे मी विचारलं नाही. मलाही त्यांनी सरकून जागा दिली.

आता विजय सोयाबीन आणि तूर घेतो. या वर्षी बांधाकडच्या तुकड्यात पुन्हा कापूस लावलाय. "काऊन बे?" मी विचारलं तर हसला. "घरात कापूस आल्याशिवाय दिवाळी वाटत नाही."

चौकातल्या विमानाचं जतन चालूच आहे. पहिल्या पावसाळ्यात चांदी उडाली, पोटाला पोपडे आले. दुसऱ्या वर्षी पंखाच्या सांध्यातून गंजाचे ओघळ उतरले. दर सव्वीस जानेवारीला खालून हात पुरेल तेवढंच रंगवतात, त्यामुळे ते कमरेपर्यंत नवं आणि वर जुनं दिसतं. निवडणुकीत शेपटीवरचं नाव दिसू नये म्हणून आचारसंहितेत शेपटीला गोणपाट गुंडाळतात. महिनाभर ते विमान हाड मोडल्यासारखं उभं असतं. कोणाला हसू येत नाही. मुलांना मी निबंध देत नाही त्या विषयावर. एकदा दुसऱ्या शिक्षकांनी दिला होता. सगळ्या वह्यांत 'गगनभेदी' होतं. अण्णांचा देश असा आहे, की वापरात असलेल्या यंत्राखाली गुडघ्यांवर बसून एक स्क्रू शोधणाऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओततो आणि यंत्र मेलं की त्या यंत्राला शाल पांघरतो.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन चिखलीत झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, कित्येक वर्षं तिने तो कोणाला सांगितलाच नव्हता. पट्टी काढल्यावर तिला घरी घेऊन येताना ऑटो चौकात अडकला. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तिने काळा चष्मा वर केला.

"हे ते इमान?"

"हो."

"एवढंसं?" ती पुढे वाकली. "मी तं लांबूनच पाहत आलो जल्मभर, आन त्या दिशी स्टेजवरून नुस्ती चमक दिसली. मले वाटे, लय मोठं असंल." मग बोट करून विचारलं, "ते वर काचेचं काय आहे?"

"तिथेच बसतो चालवणारा."

"तेवढ्यात? लीनाचा नवराबी?"

"तेवढ्यातच."

गाड्या हलल्या. ऑटोवाल्याने गिअर टाकला. रडायचं नाही, डोळ्यांवर ताण येतो, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. मी तिला आठवण करून दिली. तिने हो म्हटलं आणि चष्म्याखाली पदर घातला.